काळ्याला तीन पाणी

दाजी पायवाटेनं वर येताना दिसले की आधी त्यांच्या हातांकडं बघायचं, हे मावशीनं मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. हात कोपरापर्यंत पिवळे असतील तर दिवस बरा गेला, चहा ठेवायचा. लाल असतील तर चहाबरोबर भाकरीचा चतकोर द्यायचा आणि आपण होऊन काही बोलायचं नाही. काळे असतील तर आधी अंगणातल्या हातपाय धुवायच्या धोंडीपाशी गरम पाण्याची कळशी आणि नारळाची शेंडी ठेवायची, आणि तासभर त्यांच्या वाटेला जायचं नाही. "काळा आला गो, काळा!" मावशी ओसरीवरून ओरडायची, आणि आत बाजेवर पडलेली अक्का हसू दाबायला तोंडात पदर कोंबायची. बाळंतिणीनं पोटाला ताण पडेल असं हसू नये, ही ताकीद मावशीचीच होती आणि हसवायचीही तीच.

अक्का माझी थोरली बहीण. दाजी तिचे यजमान आणि मावशी तिची सासू. घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाचा रस्ता चढायला लागतो तिथं, बौद्धवाडीतलं शेवटचं. माझं गाव मराठवाड्यात, तिथून निघालं की तीन गाड्या बदलून दुसऱ्या दिवशी दुपारी पोलादपूर यायचं. आमची आई नव्हती, म्हणून अक्काचं पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं आणि हाताशी कुणी हवं म्हणून मला धाडलं. मी सातवी होऊन घरी बसलेली. पुढची शाळा तीन कोसांवर होती, पोरीच्या जातीनं एकटीनं कसं जायचं, एवढ्या एका वाक्यावर माझं शिक्षण मिटलं होतं. त्यामुळं मला पाठवताना कुणाला फार विचार करावा लागला नाही.

मी फार भित्री होते. अजून आहे. परक्या घरात आपण कुणाचं तरी काहीतरी सांडतोय, फोडतोय, जास्त खातोय, असं मला सारखं वाटायचं. ज्वारीची भाकरी मी डोळे मिटून थापली असती, पण तांदळाची भाकरी माझ्या हातात तव्यापर्यंत टिकायची नाही. उकड गरम असतानाच मळायची असते हे मला कळायला चार दिवस गेले आणि बोटं भाजण्यात आणखी चार. पहिली वाकडीतिकडी भाकरी ताटात पडली तेव्हा मावशीनं ती उचलून उजेडात धरली. "हा कुठला जिल्हा गो?" म्हणाली. मला रडूच आलं. तर तिनं तोच जिल्हा मोडून सुक्या बोंबलाच्या कालवणात बुडवला, सगळा संपवला आणि म्हणाली, "तुझी आईस असती तर तुला तिकडची भाकर शिकवली असती. हिथली मी शिकवीन. रडतेस कशाला?" आभार मानायची आमच्यात पद्धत नव्हती. मी दुसऱ्या दिवशी तिच्याआधी उठून अंगण सारवलं, एवढंच.

त्या घरातला मला आठवणारा आवाज म्हणजे घाट चढणाऱ्या ट्रकांचा. वळणावर ट्रकवाल्यानं गिअर टाकला की आमच्या फळीवरच्या पितळ्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. बारा दिवसांची पोर त्या आवाजात गाढ झोपायची आणि मी दचकायचे. पोर गोरी नव्हती, पण नाकीडोळी अशी की वाडीतल्या बाया मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायच्या, आणि प्रत्येक बाई गेली की मावशी काजळाची डबी शोधायची. गालावर एक बारकी तीट, बस. आणि दाजी ती डबी प्रत्येक वेळी तिच्या हातातून काढून घ्यायचे. "आये, भिंतीवरच्या फोटोकडं बघ आणि सांग. ही थेरं आपण कधीच सोडली ना?" मावशी फोटोकडं बघायची, हात जोडायची, आणि दाजी कामावर गेले की डबी कुठं ठेवली म्हणून मला विचारायची. मला ठाऊक असे, पण मी सांगायचे नाही. दोघांचीही भीती वाटायची.

दाजींचं काम महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात. सकाळची पाळी. त्यांच्या खात्यात रंग घोटायचे दोन मोठाले लोखंडी टोप होते, एक डावा आणि एक उजवा. साहेब लोक त्यांना व्हेसल म्हणत. रंग चारच: पिवळा, केशरी, लाल, काळा. सुटायच्या वेळी पुढच्या पाळीची चिठ्ठी मिळायची, त्यात कोणत्या रंगामागं कोणता रंग करायचा ते लिहिलेलं असे. हा क्रम मोडायचा नाही, कारण त्याच क्रमानं डबे ट्रकात चढत आणि वाटेवर उलट्या क्रमानं उतरत. हातात एवढंच की कोणता रंग डाव्या टोपात करायचा आणि कोणता उजव्यात. फिक्या रंगावर गडद रंग केला तर चालायचं, त्याच रंगावर तोच केला तरी चालायचं. पण गडदावर फिका करायचा असेल तर टोप धुवावा लागे, आणि धुवायचा म्हणजे माणसानं आत उतरून काथ्यानं घासायचा. केशरी टोप एका पाण्यात निघे, लालला दोन पाणी लागत, काळ्याला तीन. एक पाणी म्हणजे एक पिंप. हे सगळं दाजी रोज जेवताना बोलायचे, त्यामुळं मला ते पाढ्यांसारखं पाठ झालं होतं.

चैत्र अर्धा उलटला आणि कारखान्याची विहीर तळाला गेली. साहेबांनी दाजींच्या खात्यातल्या चौघांना बोलावून सांगितलं की आजवर पाळीला अठरा-वीस पिंपं लागत होती, आता बारांच्या वर मिळणार नाहीत. आठ दिवस बघू. जमलं नाही तर खातं पावसाळ्यापर्यंत बंद, आणि धुणारे घरी. दाजींनी हे सांगितलं त्या संध्याकाळी कुळथाचं पिठलं होतं आणि कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. "दोन मैने मुंबईला जातो चुलत्याकडं," दाजी म्हणाले. "दोनच मैने." वाडीतल्या निम्म्या घरांतले पुरुष असे दोनच महिन्यांसाठी मुंबईला गेले होते, आणि त्यांच्या पोरांना ते गणपती-शिमग्याचे पाहुणे वाटत. अक्कानं पोरीला जरा घट्ट धरलं. माझ्या मनात आलं ते सांगायला लाज वाटते: दाजी गेले तर एका माणसाच्या खाण्याचा भार कमी करायला आधी मलाच परत धाडतील. आणि मला परत जायचं नव्हतं. उकड मळता यायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी दाजी लाल हातांनी आले. मी नियमाप्रमाणं भाकरीचा चतकोर पुढं ठेवला आणि नियम मोडून विचारलं, "आज किती पाणी गेलं?"

"सोळा. शेवटचे सातच रंग, त्यात सहा पाणी खाल्लं. काळा, लाल, पिवळा, मग लाल, पिवळा, लाल, पिवळा. दर पिवळ्याला लाल टोप धू."

मी बोटं मोजली. काळा डाव्यात, लाल उजव्यात. पिवळा आला. "दाजी, तिथं काळा टोप का नाही धुतला?"

"काळा कोण धुतो गो आपण होऊन? तीन पाणी, नि घासून घासून खांदा निखळतो. लाल बिचारा दोनात सुटतो."

"पण काळा एकदा धुतला असता तर त्यात पिवळा आला असता. लाल दुसऱ्यात होताच. मग पुढचे सगळे पिवळे पिवळ्यावर, लाल लालावर. तीनात झालं असतं."

दाजींचा हात तोंडाकडं जाता जाता थांबला. "परत बोल."

मी परत बोलले. भीती दोन्ही होत्या, चुकलं असेल ही आणि चुकलं नसेल हीही. अक्का आतून म्हणाली, "अहो, बरोबर बोलतीय ती." दाजींनी चहाच्या कपात बोट बुडवून फरशीवर दोन गोल काढले, त्यात टिंबं दिली, पुसली, पुन्हा दिली, आणि हसायला लागले. "आयला! कंटाळ्यापायी आम्ही डबल पाणी वततोय." त्यांच्या गँगमधल्या सगळ्यांनी, अगदी वीस वर्षं टोप घासलेल्या तात्यांनीही, काळ्याला हात लावायचा नाही हे कुणी न सांगता ठरवून टाकलं होतं. काळा टोप कोपऱ्यात तसाच बसून राहायचा आणि बाकीचे दुसऱ्या टोपात वर-खाली उतरत राहायचे.

पुढच्या दिवशी अकरा पिंपं लागली. दाजींनी महाडहून येताना माझ्यासाठी खारी बिस्किटांचा पुडा आणला. अख्खा पुडा, माझ्यासाठी. मी तो उघडला नाही, उशाशी ठेवून झोपले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दाजी आले ते काळे. मावशी नेहमीप्रमाणं ओरडली, पण दाजी हसले नाहीत. धोंडीवर बसून शेंडीनं हात घासत राहिले. चिठ्ठी काळा, लाल, पिवळा अशी होती, आणि पुन्हा काळा, लाल, पिवळा, आणि पुन्हा. दाजींनी माझा नियम धरून दर पिवळ्याला काळा टोप धुतला. पण पिवळ्यानंतर लगेच पुन्हा काळा यायचा आणि कुठला तरी टोप काळा व्हायचाच. त्या नऊ रंगांना नऊ पाणी गेलं. जुन्या आळशी पद्धतीनं, काळा टोप काळ्यालाच ठेवून लाल धूत राहिले असते, तर सहात झालं असतं. पाळीचा आकडा सतरावर गेला. तात्या सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मेव्हणीला इचारून टोप धुतोस? उद्या तिलाच आण. लुगडं खोचून उतरंल ती." आणि सगळे हसले होते.

दाजींनी हे अक्काला सांगितलं, मला बोल लावला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. मी बिस्किटांचा पुडा मावशीच्या हातात दिला. "हा परत करायचा का?"

"बिस्किटं परत घेतात काय गो येडे?" मावशीनं पुडा फोडला, एक मला दिलं, एक आपण खाल्लं. "येक वारी चुकलीस. भाकर किती वारी चुकलीस, ते मोजलंयस?"

त्याच्या दुसऱ्या दिवशी दाजींची सुट्टी होती, आणि त्यानंतरच्या पाळीची चिठ्ठी त्यांच्या खिशात होती. चौदा रंग. मी ती मागून घेतली. मला एवढं कळलं होतं की काळा धुवायचा की नाही याला नियम नाही, ते पुढं काय येणार त्यावर आहे. मग सगळेच रस्ते मांडून बघू. दाजी पोरीसाठी पाळण्याची दोरी वळत बसले होते. मी सकाळचं आवरून मावशीच्या डब्यांतून मुठी-मुठी धान्य घेतलं: पिवळ्याला हरभऱ्याची डाळ, केशरीला मसूर, लालला कुळीथ, काळ्याला उडीद. पाण्याच्या पिंपांना चिंचोके. ओसरीच्या सारवलेल्या जमिनीवर ओळी धरल्या. पहिला रंग डाव्यात की उजव्यात, त्याचे दोन. दुसरा आला की त्या दोहोंचे चार. मग आठ. मग सोळा. प्रत्येक ओळीत डाव्याचे दाणे डावीकडं, उजव्याचे उजवीकडं, आणि शेवटी चिंचोके. सहाव्या रंगाला मी उंबऱ्यापर्यंत आले. सातव्याला चिंचोके संपले. चौदाव्यापर्यंत जायचं तर घाटातला रस्ता मांडायला घ्यावा लागला असता. मी हिशेब करून बघितला, आकडा सोळा हजारांच्या वर गेला, आणि मी भिंतीला टेकून बसले.

मावशी सूप घेऊन आली. दुपारच्या पिठल्यासाठी जात्यावर कुळीथ दळायचे होते आणि डबा अर्धा रिकामा होता. तिनं कंबरेवर हात ठेवून ओसरी बघितली. "माझं धान पेरलंस काय गो?"

"मावशी, हात नका लावू. प्रत्येक ओळ वेगळी आहे."

"कुठली वेगळी?" ती वाकली. "ही बघ. डाव्यात शेवटाला मसूर, उजव्यात उडीद. आणि ती बघ. तिच्यातबी शेवटाला डाव्यात मसूर, उजव्यात उडीद. सारखाच तर हाय."

"शेवट सारखा आहे, पण आपण वेगळ्या वाटेनं आलोय ना. इथं पाच पाणी लागलं, तिथं सात."

"महाबळेश्वरानं ये नायतर महाडानं ये. माझ्या दारात आलीस की दारातच हायस. पुढं जायचं ते हिथनंच ना?"

"हो."

"मग पाचात आलेली पुढं जाईल. सातात आलेलीला कशाला बसवून ठेवलीस? माझे कुळीथ आडकवून?" आणि तिनं ती सात चिंचोक्यांची अख्खी ओळ मुठीनं उचलून सुपात टाकली.

मी "अहो मावशी!" म्हणून ओरडले आणि ओरडता ओरडता तोंड उघडंच राहिलं. मग मी तिच्याबरोबर वाकले. आणखी दोन ओळी सारख्या, चार आणि सहा, सहावाली सुपात. आणखी तीन सारख्या. एक ठेवली, दोन सुपात. घटकाभरात ओसरी रिकामी झाली. मावशीला हवे तेवढे कुळीथ मिळाले आणि जमिनीवर मोजून चार ओळी उरल्या. मला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. नुकताच केलेला रंग एका टोपात असणारच. दुसऱ्या टोपात चारांपैकी एखादा रंग, नाहीतर तो अजून स्वच्छ, सकाळी मिळाला तसा. म्हणजे कितीही आले तरी राहण्याजोग्या ओळी पाचच, मग चिठ्ठी चौदाची असो की चाळीसची. डावा-उजवा उलट असला म्हणून टोपांना काय फरक पडतो? पुढचा रंग आला की त्या पाचांच्या फार तर दहा होणार, आणि मावशी येऊन पुन्हा पाच करणार.

त्या वेळी बाजेवर झोपलेली ती पोर आता मोठी बाई आहे आणि पुण्याला एका कॉलेजात संगणक शिकवते. मागच्या दिवाळीत मी तिला हे सांगितलं तेव्हा ती जेवता जेवता थांबली, माझ्याकडं वळली. "मावशी, याला नाव आहे. डायनॅमिक प्रोग्रामिंग. आम्ही दुसऱ्या वर्षाला शिकवतो, मुलांच्या डोक्यावरून जातं." मी म्हटलं, जाणारच. तुम्ही त्यांना डब्यातले कुळीथ संपू देत नाही.

तर त्या दिवशी आम्ही पिठलं खाल्लं ते अर्धवट शिजलेलं होतं, कारण मावशी चुलीवरून सारखी उठून ओळी उचलायला येत होती. तिला त्याचा नाद लागला होता. "आता कुठला रंग?" "केशरी." "थांब, मला बघू दे." दिवेलागणीच्या आधी चौदावा रंग आला. सगळ्यात कमी चिंचोक्यांची ओळ होती दहाची. मी ती ओळ वरून खाली वाचली आणि चिठ्ठीवर प्रत्येक रंगापुढं पेन्सिलीनं 'डा' किंवा 'उ' लिहिलं.

दाजींनी चिठ्ठी हातात घेतली, पण खिशात घालेनात. "तात्या परत हसंल."

अक्का दारात येऊन उभी राहिली, पोर खांद्यावर. "आठातले पाच दिवस गेले. तुमच्याकडं दुसरं काही हाय का?" ती आता हाय म्हणायला लागली होती. दाजींनी चिठ्ठी खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी मी पायवाटेकडं बघितलंच नाही. मागल्या दारी भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा. मावशीचा आवाज आला, "पिवळा! पिवळा आला गो!" मी हात न धुताच धावले. दहा पिंपं लागली होती. ना एक कमी ना एक जास्त. तात्यांनी स्वतः पिंपांजवळ उभं राहून मोजली होती. मध्ये एका ठिकाणी ते अडूनही बसले होते, की लाल टोप दोनात सुटतोय तर हा काळा आत्ताच का धुवायचा. दाजींनी म्हटलं, पुढची चार नावं वाचा. तात्यांनी वाचली, दोनदा वाचली, मग काथ्या उचलला आणि स्वतः आत उतरले.

सातव्या दिवशी नऊ लागली. आठव्या दिवशी दुपारी आमच्या पायवाटेखाली मोटारसायकल वाजली. दाजी मागं बसलेले आणि पुढं त्यांचे साहेब. मी जाऊन भाताच्या कणगीमागं उभी राहिले. मला वाटलं, कारखान्याच्या चिठ्ठीवर लिहिलं म्हणून पकडायला आले.

"कोण करतं हे?" साहेबांनी ओसरीवरून विचारलं. आवाज पुण्याकडचा, सव्वीस-सत्तावीसचा माणूस असेल.

"बाहेर ये गो," मावशी म्हणाली. "सायब माणसं खात नाय. मी चा देते त्यांना."

मी बाहेर आले. किती शिकलीस, त्यांनी विचारलं. मी सातवी म्हटलं, तर त्यांनी कपाळाला आठी घातली. मला वाटलं, रागावले. मग त्यांनी खिशातून कागद काढला. वीस रंगांची यादी, त्यांनीच बनवलेली. "मला काल अख्खी दुपार लागली. चौदा पाण्यांच्या खाली येत नाही. बघ बरं."

मी डबे काढले. काढताना उडीद सांडले. पण दाणे मांडायला लागले की मला साहेब दिसेनासे झाले. मावशी नेहमीच्या जागी बसली आणि उचलत राहिली. साहेब आधी खुर्चीवर होते, मग उंबऱ्यावर आले, मग चांगली पाटलोण घालून सरळ सारवणावर बसले. नवव्या-दहाव्या रंगाला त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण ते एकदम म्हणाले, "अरे! जुनं लक्षात ठेवायचंच नाही!" आणि उत्साहानं स्वतःच एक ओळ उचलायला गेले. मावशीनं त्यांच्या हातावर चापट मारली. "सायब! कमी चिंचोकंवाली ऱ्हाऊं दे. जास्तीवाली उचला."

दाजींनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी हात मागं घेतला, "चुकलो आजी," म्हणाले आणि बरोबर ओळ उचलून सुपात टाकली.

विसाव्या रंगाला अकरा चिंचोके आले. साहेबांनी कागदावर एकेक रंग तपासला. चहा गार झाला. तपासून झाल्यावर ते उठले, मळलेली पाटलोण झटकली आणि दाजींना एवढंच म्हणाले, "खात्याचं उद्या सांगतो. मोठ्या साहेबांशी बोलावं लागेल." जाताना त्यांनी चिंचोक्यांपैकी एक उचलून खिशात घातला. मोटारसायकल उतारावर गेली तशी मी सांडलेले उडीद वेचायला लागले. अकरा बरोबर होते. पण मोठे साहेब चिंचोके थोडेच मोजणार होते?

दुसऱ्या दिवशी मावशीनं दोनदा मीठ घातलं. अक्कानं दाजींची मुंबईला न्यायची पिशवी खुंटीवरून काढली, झटकली आणि काही न भरता पुन्हा अडकवली. मी पोरीला मांडीवर घेऊन पायवाटेकडं तोंड करून बसले. घाटावरून ट्रक उतरत होते आणि प्रत्येक आवाज मला महाडच्या गाडीचा वाटत होता.

ते दिसले. हात काळे. कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत, मानेलासुद्धा काळ्याचे ओघळ.

"काळा आला..." मावशी सुरुवात करून थांबली.

दाजी पळत येत होते. काळ्या तोंडात दात तेवढे दिसत होते. "चालू हाय!" ते खालूनच ओरडले. "खातं चालू हाय! चौघंबी! आणि आयका, आज तेरा रंग, नि धुणं येकच! काळ्याचं! तीन पिंपं! तात्या बोलला मी उतरतो, मी बोललो नाय, ह्याला आज मीच उतरणार!"

अक्का हसली, मोठ्यानं, आणि मावशीनं तिला ताकीद दिली नाही. दाजी तसेच ओसरी चढले आणि दोन्ही हात पसरून पोरीकडं आले. मावशी मध्ये आडवी झाली.

"आधी हात! तीन पाणी घे, मग पोरीला घे."

ते धोंडीवर बसले. कळशी मी ओतली. एक पाणी, काळंभोर. दुसरं, शाईसारखं. तिसरं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ आलं. शेंडी ठेवून त्यांनी हात धोतराला पुसले, मी पोर त्यांच्या ओंजळीत दिली, आणि त्यांनी तिला तोंडाजवळ नेलं. मला परत दिली तेव्हा तिच्या डाव्या गालावर, जिथं अंगठा टेकला होता तिथं, एक काळा ठिपका होता. गोल, नेमका.

मावशीनं आधी ठिपका बघितला, मग दाजींना. मग भिंतीवरच्या फोटोकडं बघून हात जोडले. "माझी डबी कशाला लपवत होतास रे? शेवटाला बापानंच लावली तीट."

दाजी ओशाळले. पुढं होऊन पोरीच्या दुपट्याच्या टोकानं ठिपका पुसायला लागले. अक्कानं पोर ओढून घेतली.

"असू दे," ती म्हणाली. "काळा हाय. तीन पाणी लागतील."